‘माझ्या’ कोठे बसवावा?
इंग्रजी वाक्यातील शब्दयोगी व स्वामित्वदर्शक शब्दांचा मेळ

‘इन, ऑन, ॲट, फॉर, ऑफ’ हे इंग्रजी शब्द आपण शाळेत एका यादीत पाठ करतो आणि ‘माय, अवर, युवर, हिज, हर, देअर’ हे दुसऱ्या यादीत. दोन्ही याद्या बहुतेकांना मुखोद्गत असतात. घोटाळा होतो तो दोन्ही याद्यांतील शब्द एकाच वाक्यात आणावे लागतात तेव्हा. व्याकरणाच्या पुस्तकात या दोहोंची प्रकरणे निरनिराळी असल्यामुळे त्यांचा मेळ कसा घालावा, हे सहसा कोणी वेगळे सांगत नाही. या लेखात तेवढ्याच विषयाचा विचार करावयाचा आहे. मी इंग्रजीची नव्हे, वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे. तेव्हा हा अधिकारवाणीने केलेला उपदेश नसून, मराठी शाळेतून आलेल्या एका मुलीने स्वतःच्या चुका तपासून मांडलेला हिशेब आहे, असे वाचकांनी समजावे.

एका पत्राची गोष्ट

माझे गाव रामाकोना. ते मध्य प्रदेशात सौसर तहसिलीत आहे. जिल्हा पूर्वी छिंदवाडा होता, २०२३ पासून पांढुर्णा झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा व्यवहार आहे. इंग्रजी ही तिसरी भाषा, आणि ती बहुधा कागदावरच भेटते.

मी बारावीत असताना बाबांची संत्र्यांच्या मालाची काही रक्कम दूरच्या एका व्यापाऱ्याकडे येणे होती. त्या पेढीशी पत्रव्यवहार इंग्रजीतून करावा लागे आणि घरात इंग्रजी शिकणारी मी एकटीच; म्हणून पत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. ‘बाबांसाठी ड्राफ्ट पाठवावा’ असे मला लिहावयाचे होते. माझ्या वहीत ‘ऑन बिहाफ ऑफ’ या शब्दांपुढे ‘तर्फे, साठी’ असा अर्थ लिहिलेला होता. ‘फॉर’पेक्षा हे शब्द अधिक भारदस्त वाटले. मी लिहिले, ‘प्लीज सेंड द ड्राफ्ट ऑन बिहाफ ऑफ माय फादर.’ खाली सही माझी.

काही दिवसांनी ड्राफ्ट आला तो माझ्या नावाचा! पेढीचे काही चुकले नव्हते. ‘वडिलांच्या वतीने ही मुलगी रक्कम मागत आहे’ असाच त्या वाक्याचा अर्थ निघत होता. माझे त्या वेळी बँकेत खाते नव्हते. ड्राफ्ट परत पाठवणे, तो रद्द होणे आणि दुसरा येणे यात दीड महिना गेला. दरम्यान बागेला खत देण्याची वेळ आली आणि बाबांना उसनवारी करावी लागली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “तुह्या इंग्रजीचं व्याज भरलं समज.”

‘इन माय फादर्स नेम’ किंवा ‘इन माय फादर्स फेवर’ असे लिहिले असते तर हे व्याज भरावे लागले नसते. तेव्हापासून या शब्दांकडे मी लक्ष देऊन पाहू लागले.

मराठीची सोय आणि इंग्रजीची अडचण

मराठीत ‘माझा, माझी, माझे’ ही तीन रूपे आहेत. परंतु पुढे शब्दयोगी अव्यय वा विभक्तीचा प्रत्यय आला की तिन्हींच्या जागी ‘माझ्या’ हे एकच सामान्यरूप येते : माझ्या वाड्यात, माझ्या वहीवर, माझ्या घरासमोर. विशेष म्हणजे मध्ये नाम नसले तरी हेच रूप चालते : माझ्यासमोर, माझ्यासाठी, माझ्यामुळे, माझ्याशिवाय, माझ्याविरुद्ध, माझ्याऐवजी, माझ्यावतीने. आमच्या बोलीत ‘माझ्या’चे ‘माह्या’ होते, पण नियम तोच राहतो.

हिंदीतही बरेचसे असेच आहे. फक्त तेथे एक खूण उरली आहे. ‘मेरे सामने’, ‘मेरे लिए’ असे म्हणतात, पण ‘मेरी ओर से’, ‘मेरी जगह’, ‘मेरी वजह से’ असे म्हणतात. कारण ‘ओर’, ‘जगह’, ‘वजह’ ही स्त्रीलिंगी नामे आहेत. म्हणजे शब्दयोगी वाटणाऱ्या या शब्दांच्या पोटात नाम दडले आहे, हे ‘मेरी’वरून उघड होते. मराठीत ही खूण पुसली गेली आहे.

कन्नडचे काय, हे मी वसतिगृहातील माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला विचारले. ‘नन्न’ म्हणजे माझा, माझी, माझे. ‘नन्न मुंदे’ म्हणजे माझ्यापुढे, ‘नन्न जोते’ म्हणजे माझ्याबरोबर, ‘नन्न परवागि’ म्हणजे माझ्या वतीने. मात्र ‘माझ्यासाठी’ला ‘ननगागि’ म्हणतात. त्यात ‘ननगे’ म्हणजे ‘मला’ हे रूप आहे.

तात्पर्य, या तिन्ही भाषांत अशा ठिकाणी बहुधा ‘माझ्या’ हाच शब्द तोंडी येतो. म्हणूनच इंग्रजी लिहिताना आपला हात आपोआप ‘माय’कडे जातो आणि ‘ही स्टुड इन माय फ्रंट’, ‘ही स्पोक माय अगेन्स्ट’ अशी वाक्ये कागदावर उतरतात. ही चूक आळसाची नव्हे. आपल्या भाषेचा नियम आपण दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे पाळलेला असतो.

तीन गट

इंग्रजीत ‘माय, युवर, हिज’ यांना पुढे नाम लागतेच. हे एक सूत्र ध्यानात ठेवले की पुढील तीन गट करता येतात.

पहिला गट निव्वळ शब्दयोगी शब्दांचा : फॉर, विथ, विदाउट, अगेन्स्ट, बिहाइंड, नियर, फ्रॉम. यांच्यात नाम नाही. म्हणून यांच्यापुढे ‘मी, हिम, हर, अस, देम’ ही कर्मरूपे येतात. ‘माझ्यासाठी’ म्हणजे ‘फॉर मी’, ‘त्याच्याविरुद्ध’ म्हणजे ‘अगेन्स्ट हिम’. ‘माझ्या भावासाठी’ असे असेल तर ‘भाऊ’ हे नाम आल्यामुळे ‘फॉर माय ब्रदर’ होईल.

दुसरा गट ज्यांच्यात नाम अद्याप जिवंत आहे अशा शब्दसमूहांचा. येथे स्वामित्वदर्शक शब्द मधोमध बसतो : ऑन माय बिहाफ, इन माय नेम, इन युवर फेवर, इन हिज ॲबसेन्स, इन हर प्रेझेन्स, ॲट अवर एक्सपेन्स, फॉर देअर सेक, इन माय प्लेस. मालकाचे नाव लांबलचक असेल तर मात्र ते मध्ये न घालता ‘ऑफ’ने पुढे जोडावे, ते ऐकायला बरे वाटते : ‘ऑन बिहाफ ऑफ द मेंबर्स ऑफ द सोसायटी’.

तिसरा गट ज्यांच्यातील नाम गोठून गेले आहे त्यांचा : बिकॉज ऑफ, इन फ्रंट ऑफ, इन स्पाइट ऑफ, इन्स्टेड ऑफ. येथे मध्ये काही शिरत नाही. म्हणून ‘बिकॉज ऑफ मी’, ‘इन फ्रंट ऑफ अस’, ‘इन्स्टेड ऑफ हिम’.

दुसरा गट कोठे संपतो आणि तिसरा कोठे सुरू होतो, हे तर्काने नेहमीच सांगता येत नाही. शब्दांचा इतिहास पाहिला की कारण कळते. ‘बिकॉज’ हा शब्द ‘बाय’ आणि ‘कॉज’ म्हणजे कारण, यांच्या जोडीतून झाला. ‘इन्स्टेड’मधील ‘स्टेड’चा अर्थ जागा, जुन्या वळणाच्या इंग्रजीत ‘इन माय स्टेड’ असा प्रयोग आजही सापडतो. ‘बिहाफ’मधील ‘हाफ’चा जुना अर्थ ‘बाजू’ असा होता. म्हणजे ‘ऑन माय बिहाफ’ हे मुळात ‘माझ्या बाजूने’च होय. आपल्याकडेही असेच झाले आहे. ‘ऐवजी’त ‘ऐवज’ आहे, आणि मराठीचा ‘बद्दल’, हिंदीचा ‘बदले’ व कन्नडचा ‘बदलु’ हे तिन्ही अरबी ‘बदल’ या एकाच शब्दापासून आले आहेत. नाम झिजत झिजत शब्दयोगी बनते. काही शब्द पूर्ण झिजले, काही अर्ध्या वाटेवर आहेत. म्हणून तिसऱ्या गटातील ते चार प्रयोग पाठ करणे हाच सोपा मार्ग.

व्यापारी पत्रातील शब्द

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना यातील दुसरा गट विशेष महत्त्वाचा आहे, कारण त्यातील शब्दांवर पैशाची व जबाबदारीची दिशा ठरते. ‘ड्राफ्ट इन माय फेवर’ म्हणजे रक्कम मला मिळावयाची आहे. ‘आय साइन ऑन हिज बिहाफ’ म्हणजे सही माझी, पण व्यवहार त्याचा. एकात पैसा कोणाकडे जातो ते सांगितले आहे, दुसऱ्यात कृती कोणाच्या वतीने होते ते. मैत्रिणीने सांगितले की कन्नड ‘परवागि’ या शब्दात ‘वतीने’ आणि ‘बाजूने, अनुकूल’ हे दोन्ही अर्थ येतात. तेव्हा कन्नड विभागाच्या वाचकांनीही येथे जपून चालावे.

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ मधील कलम २८ आपण अभ्यासतो. प्रतिनिधीने वचनचिठ्ठी, विपत्र किंवा धनादेशावर सही करताना आपण प्रतिनिधी म्हणून सही करीत आहोत, किंवा वैयक्तिक जबाबदारी घेण्याचा आपला हेतू नाही, असे त्यावर दर्शविले नाही, तर तो स्वतः जबाबदार ठरतो. केवळ मूळ मालकच जबाबदार राहील असा समज करून देऊन ज्यांनी त्याला सही करावयास लावले, त्यांच्यापुरता तेवढा अपवाद आहे. म्हणजे सहीच्या वर ‘फॉर’ किंवा ‘ऑन बिहाफ ऑफ’ हे शब्द लिहिले की नाही, यावर एखाद्याच्या घरादाराचा प्रश्न अवलंबून राहू शकतो. व्याकरणाचा तास आणि कायद्याचा तास येथे एक होतात.

‘अकाउंट’ या शब्दाचीही अशीच गंमत आहे. ‘इन माय अकाउंट’ म्हणजे माझ्या खात्यात शिल्लक असलेले. ‘क्रेडिट इट टू माय अकाउंट’ म्हणजे माझ्या खात्यात जमा करा. परंतु ‘डोन्ट वेट ऑन माय अकाउंट’ म्हणजे ‘माझ्याकरिता खोळंबू नका’; येथे खात्याचा काहीच संबंध नाही. ‘माय अकाउंट’ तिन्ही ठिकाणी तेच, केवळ आधीचा लहानसा शब्द बदलला.

हे खाते कोणाचे?

आता दुसरी बाजू पाहू. ‘रमेश मेट सुरेश अँड डिपॉझिटेड द मनी इन हिज अकाउंट.’ पैसे कोणाच्या खात्यात गेले? इंग्रजी वाक्यावरून सांगता येत नाही. मराठीत ‘आपल्या खात्यात’ म्हटले तर रमेशच्या आणि ‘त्याच्या खात्यात’ म्हटले तर सुरेशच्या, असे लगेच कळते. हिंदीत ‘अपने’ व ‘उसके’, कन्नडमध्ये ‘तन्न’ व ‘अवन’ असा भेद आहे. आपल्या तिन्ही भाषांजवळ असलेली ही सोय इंग्रजीच्या ‘हिज’मध्ये नाही. म्हणून इंग्रजीत ‘इन हिज ओन अकाउंट’ असे लिहावे, नाहीतर सरळ नाव घ्यावे : ‘इन सुरेशेस अकाउंट’. नाव दोनदा आले तर भाषा जड होते हे खरे, पण रक्कम चुकीच्या खात्यात जाण्यापेक्षा ते बरे.

मराठीतही एक खबरदारी हवी. पत्रात ‘आपल्या खात्यात’ याचा अर्थ ‘तुमच्या खात्यात’ असाही होतो. शंका येईल तेथे ‘स्वतःच्या’ हा शब्द वापरावा.

‘हिज’ आणि ‘हर’ यांच्या निवडीतही आपापल्या भाषेची सावली पडते. मराठीत ‘त्याची बहीण’ म्हटले तर ‘त्या’वरून मालक पुरुष आहे हे कळते आणि ‘ची’वरून ‘बहीण’ स्त्रीलिंगी आहे हे कळते. हिंदीच्या ‘उसकी बहन’मध्ये केवळ बहिणीचे लिंग कळते, मालकाचे नाही. कन्नडच्या ‘अवन’ व ‘अवळ’मध्ये केवळ मालकाचे कळते. इंग्रजी येथे कन्नडसारखी आहे. म्हणून हिंदीवरून इंग्रजी शिकणारी मुले मुलाच्या बहिणीलाही ‘हर सिस्टर’ म्हणून बसतात. मराठी मुलांनी ‘त्या’ किंवा ‘ति’ एवढेच पाहावे. ‘चा, ची, चे’ इंग्रजीत घेऊ नये.

नामापुढे आसन एकच

‘माझा एक मित्र आला होता’ याचे ‘माय वन फ्रेंड हॅड कम’ असे भाषांतर आपण पुष्कळदा ऐकतो. ‘माझे हे पुस्तक’ याचे ‘धिस माय बुक’ होते. मराठीत नामाच्या आधी ‘माझे’ व ‘हे’ दोन्ही सुखाने बसतात. इंग्रजीत ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘दॅट’ आणि ‘माय’ या सर्वांना मिळून नामापुढे एकच आसन आहे. एक बसला की दुसऱ्याने मागे जावयाचे, आणि जाताना ‘ऑफ’चा हात धरावयाचा : ‘अ फ्रेंड ऑफ माइन’, ‘धिस बुक ऑफ माइन’, ‘दॅट ब्रदर ऑफ युवर्स’. ‘माय’च्या पुढे नाम लागते आणि येथे ते उरलेले नसते, म्हणून ‘माइन’, ‘युवर्स’, ‘हिज’, ‘हर्स’ ही स्वतंत्र रूपे येतात.

‘ऑफ मी’ आणि ‘ऑफ माइन’ यांत अर्थाचाही फरक पडतो. ‘माझा फोटो’ असे मराठीत दोन्ही अर्थांनी म्हणतात. पण ‘अ फोटो ऑफ मी’ म्हणजे ज्यात मी दिसते तो, आणि ‘अ फोटो ऑफ माइन’ म्हणजे माझ्या मालकीचा. त्यात रामाकोन्याचे रेल्वे स्टेशन असले तरी हरकत नाही.

‘आहे’ची दोन रूपे

शेवटचा एक मुद्दा. ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘माझ्याजवळ पैसे आहेत’ यांत मराठी दोन निरनिराळे मार्ग घेते. कन्नडही तसेच करते : भावांसाठी ‘ननगे’ आणि पैशांसाठी ‘नन्न हत्तिर’. ‘हत्तिर’ म्हणजे जवळ. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘आय हॅव’ येते. ‘मनी इज नियर मी’ हे शब्द चुकीचे नाहीत, पण त्यांचा अर्थ ‘पैसे माझ्या शेजारी पडले आहेत’ असा होतो. ते माझे आहेत असे त्यातून निघत नाही. आपल्या ‘जवळ’मध्ये मालकी आहे, त्यांच्या ‘नियर’मध्ये केवळ अंतर आहे.

सराव

खालील वाक्ये आधी स्वतः करून पाहावीत.

१. तो माझ्यासमोर बसला.
२. तिने माझ्या वतीने सही केली.
३. धनादेश त्यांच्या नावे काढा.
४. तुझ्यामुळे आम्हाला उशीर झाला.
५. माझा एक चुलतभाऊ सौसरला राहतो.
६. शीलाने पैसे स्वतःच्या खात्यात भरले.

उत्तरे :
१. ही सॅट इन फ्रंट ऑफ मी.
२. शी साइन्ड ऑन माय बिहाफ.
३. ड्रॉ द चेक इन देअर नेम.
४. वुई वेअर लेट बिकॉज ऑफ यू.
५. अ कझिन ऑफ माइन लिव्ज इन सौसर.
६. शीला डिपॉझिटेड द मनी इन हर ओन अकाउंट.

चौथ्या वाक्यात ‘युवर’ घालण्याचा मोह झाला असेल, तर तो मराठीचा दोष नाही आणि आपलाही नाही. थांबून एवढेच विचारावे : ‘माय’ किंवा ‘युवर’च्या पुढे नाम आहे काय? असेल तर ठेवावे, नसेल तर ‘मी’ किंवा ‘यू’ घ्यावे. आणि पैशाचा कागद असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा : या वाक्यावरून पैसे नेमके कोणाच्या हाती जातील?

आता घरची इंग्रजी पत्रे मीच लिहिते. लिहून झाले की पत्र मराठीतून वाचून दाखवते आणि बाबा ऐकता ऐकता प्रत्येक वाक्याला ‘कोनाच्या?’ असे विचारतात. इंग्रजी त्यांना येत नाही, पण प्रश्न नेमका तोच विचारावयाचा असतो.

चूकभूल द्यावी घ्यावी.